वाढीच्या टप्प्यांना एकच महिना चिकटवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत, दवाखान्यांच्या भिंतींवर आणि अलीकडे मोबाइलवरील ॲपमध्ये तान्ह्या बाळाच्या वाढीचा एक तक्ता हमखास आढळतो : तिसऱ्या महिन्यात मान धरते, पाचव्यात पालथे पडते, सहाव्यात बसते, आठव्यात रांगते, बाराव्यात चालते. लहान मुलांच्या विकासाची तपासणी करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या तक्त्याचे दोन्ही परिणाम मला जवळून पाहावे लागतात. ज्या बाळांचे काहीही बिघडलेले नाही त्यांचे आईवडील तक्त्यातला महिना उलटला म्हणून रात्र-रात्र झोपत नाहीत. आणि ज्या बाळांना लवकर मदत मिळायला हवी होती त्यांचे आईवडील ‘तक्त्याप्रमाणे सगळे चालले आहे’ म्हणून निश्चिंत राहतात. असे तक्ते छापू नयेत असे माझे म्हणणे नाही, कारण पहिल्या वर्षात काय पाहायचे हे पालकांना ठाऊक असलेच पाहिजे. ते ज्या पद्धतीने छापले जातात, तिच्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

एका टप्प्यासमोर एकच आकडा लिहिला की तो बहुधा सरासरीचा किंवा मध्याचा असतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील येल विद्यापीठात आर्नोल्ड गेसेल यांनी शेकडो मुलांचे बारकाईने निरीक्षण करून कोणत्या वयात मूल काय करते याच्या नोंदी तयार केल्या, आणि पुढच्या बहुतेक तक्त्यांचा पाया तिथे रचला गेला. काम मोलाचे होते यात शंका नाही. परंतु मध्याचा आकडा घेतला की जवळपास निम्मी निरोगी मुले तो टप्पा त्या वयानंतरच गाठणार, हे तक्त्याखाली कोणी लिहीत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या यादीतही अनेक वर्षे असे टप्पे होते जे त्या वयाला साधारण निम्म्या मुलांनीच गाठलेले असत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ही यादी बदलण्यात आली आणि त्या वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना जे जमते तेच त्यात ठेवण्याचा नियम करण्यात आला. हेतू असा की, टप्पा चुकला तर पालकांनी आणि डॉक्टरांनीही ‘अजून वाट पाहू’ असे न म्हणता तपासणी करून घ्यावी. याच फेरबदलात रांगण्याचा टप्पा यादीतून वगळला गेला, आणि त्यावर या क्षेत्रातील बऱ्याच जाणकारांनी नाराजीही व्यक्त केली. माझ्या मते रांगणे यादीत असावे, पण ‘न रांगल्यास दोष’ अशा अर्थाने नसावे.

या बाबतीत हाताशी असलेला सर्वांत उपयोगी अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांची वारंवार तपासणी करून संघटनेने २००६ मध्ये हालचालींच्या सहा मोठ्या टप्प्यांसाठी एकेक महिना न देता एकेक कालावधी प्रसिद्ध केला. त्यांपैकी पाच असे : आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, धरून उभे राहणे ४.८ ते ११.४ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने, आधाराशिवाय उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने आणि स्वतःचे स्वतः चालणे ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे शेजारशेजारच्या दोन घरांतील एक बाळ नवव्या महिन्यात पावले टाकू लागले आणि दुसरे सोळाव्या महिन्यात, तरी दोघेही या मोजपट्टीवर पूर्णपणे निरोगी ठरू शकतात. याच अभ्यासातील ४.३ टक्के मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. काही मुले बसल्या बसल्या सरकतात, काही पोटावर फरपटत जातात आणि काही थेट धरून उभी राहतात.

मात्र या आकड्यांचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात. कालावधीचे दुसरे टोक म्हणजे तोवर खुशाल थांबण्याचा परवाना नव्हे. ते टोक असे आखलेले आहे की शंभरातील नव्व्याण्णव निरोगी मुले त्याच्या आतच तो टप्पा गाठतात. आठ महिन्यांचे बाळ अजून बसत नाही, पण मान स्थिर आहे, पालथे पडल्यावर हातांवर छाती उचलते आणि धरून बसवले तर दर आठवड्याला थोडे अधिक सावरते, तर ते वाटेवर आहे. तेच बाळ बसवताच पोत्यासारखे कोसळत असेल आणि महिनाभर त्यात काहीच फरक दिसत नसेल, तर ९.२ चा आकडा उजाडण्याची वाट पाहण्याचे काही कारण नाही.

तक्त्यांत सर्वांत कमी जागा मिळते ती पहिल्या तीन-चार महिन्यांना, आणि खरे तर पाहण्यासारखे सर्वाधिक तिथेच असते. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते. दूध पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्या अंतरावर असतो. सुरुवातीची त्याची हालचाल बरीचशी प्रतिक्षिप्त क्रियांची असते : तळहातावर बोट ठेवले की मूठ आवळणे, डोके किंचित मागे झुकले की दचकून दोन्ही हात फाकवणे, पायांचे तळवे पृष्ठभागाला टेकवले की पावले टाकल्यासारखे करणे. यातील पावले टाकण्याची क्रिया साधारण दुसऱ्या महिन्यात दिसेनाशी होते. मेंदू परिपक्व होतो म्हणून ती मावळते असे पूर्वी मानले जाई. परंतु १९८० च्या दशकात एस्थर थेलन या संशोधिकेने दाखवून दिले की ही पावले ‘हरवलेल्या’ बाळांचे पाय कमरेपर्यंत पाण्यात सोडले की ती पुन्हा पावले टाकतात. त्या काळात मांड्या-पोटऱ्यांवर झपाट्याने चरबी चढलेली असते आणि स्नायूंना ते वजन उचलत नाही, एवढे साधे कारण त्यामागे होते. वाढ म्हणजे आतून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे एकामागून एक दिवे लागत जाणे, असे जे आपण समजतो, त्याला या प्रयोगाने चांगलाच धक्का दिला. बाळाचे वजन, त्याला मिळणारी मोकळी जागा, ते कोणत्या स्थितीत किती वेळ असते, हे सगळे त्या वेळापत्रकात ढवळाढवळ करत असते.

तरीही क्रम बऱ्याच अंशी ठरलेला असतो. ताबा डोक्याकडून पायांकडे उतरतो, आणि खांद्याकडून बोटांकडे पसरतो. हाताचेच पाहा. जन्मतः मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते. दोन-तीन महिन्यांत ती सैल होते आणि मग एके दिवशी बाळाला स्वतःचा हात सापडतो. ते तो डोळ्यांसमोर धरून वळवून-वळवून पाहत राहते, दुसऱ्या हाताने चाचपते, तोंडात घालते. चौथ्या महिन्याच्या आसपास समोरच्या वस्तूकडे दोन्ही हात झेपावतात, नेम बऱ्याचदा चुकतो. पाच-सहा महिन्यांत वस्तू पूर्ण तळहाताने पकडली जाते, सहा-सात महिन्यांत ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि नऊ-दहा महिन्यांत जमिनीवरचा बारीकसा कण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अलगद उचलला जातो. (तो थेट तोंडात जातो, हेही त्याच वयाचे लक्षण, जमीन किती स्वच्छ आहे हे तेव्हाच कळते.) यातील एकेका पायरीला चार-सहा आठवड्यांचे इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे, परंतु मूठ मिटलेलीच असताना चिमट येत नाही.

म्हणूनच ‘केव्हा’ या प्रश्नाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, ‘कसे’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो कोणत्याच तक्त्यात नसतो. माझ्याकडे कौतुकाने दाखवायला आणलेली बाळे असतात. ‘चार महिन्यांचा आहे, पण काखेत धरून उभा केला की ताठ उभा राहतो,’ असे सांगताना वडिलांचा चेहरा खुललेला असतो. बाळाला उचलून धरावे तर पाय लाकडासारखे सरळ, टाचा वर, चवडे खाली, आणि थोडा वेळ गेला की एक पाय दुसऱ्यावर कात्रीसारखा आडवा येतो. लंगोट बदलताना मांड्या सहज फाकत नाहीत, असे विचारल्यावर आई सांगते. ही लवकर आलेली ताकद नसते; हा स्नायूंचा वाढलेला ताण असू शकतो आणि त्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. तसेच ‘सहा महिन्यांतच कळले, उजव्या हाताची आहे, डावा वापरतच नाही’ हे वाक्य. वर्षाच्या आत बाळाने दोन्ही हात सारखेच वापरायला हवेत. एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्या हाताला काय झाले आहे याचा शोध घ्यावा लागतो. तक्त्याच्या हिशेबाने पाहिले तर ही दोन्ही बाळे ‘पुढे’ आहेत.

ऐकण्याच्या बाबतीत फसगत आणखी सहज होते. जन्मतः ऐकू न येणारे बाळही दोन-तीन महिन्यांचे असताना हुंकार देते, गळ्यातून ‘अग्गू’सारखे आवाज काढते, हसते, चेहऱ्याकडे टक लावून पाहते. त्यामुळे ‘आवाज काढतो, म्हणजे ऐकू येतेच’ हा निष्कर्ष त्या वयात चुकीचा ठरतो. फरक दिसू लागतो तो सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान, जेव्हा ऐकणारी मुले ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी व्यंजन-स्वरांची स्पष्ट माळ लावू लागतात आणि न ऐकणाऱ्यांची ती लांबते किंवा येतच नाही. तोवर अर्धे वर्ष निघून गेलेले असते. पाठीमागे टाळी वाजवून घरी केलेली परीक्षाही भरवशाची नाही, कारण बाळ हवेच्या झुळकीला, सावलीला किंवा समोर बसलेल्याच्या नजरेला प्रतिसाद देत असते. यावर उपाय एकच : जन्मानंतर पहिल्या महिन्याच्या आत यंत्राद्वारे श्रवणचाचणी, तीत शंका आली तर तिसऱ्या महिन्याच्या आत पक्के निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचारांना सुरुवात. चाचणी काही मिनिटांची असते, झोपलेल्या बाळावर होते आणि दुखत नाही. माझ्या मते कोणत्याही तक्त्याची पहिली ओळ ही असावी.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या पालकांना तर हे तक्ते विनाकारण छळतात. गर्भाचे ४० आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जे बाळ आले, त्याच्या वयातून तेवढे आठवडे वजा करूनच विकासाचा हिशेब करायचा असतो. ३२व्या आठवड्यात जन्मलेले बाळ आज पाच महिन्यांचे असेल, तर त्याच्याकडून अपेक्षा साधारण तीन महिन्यांच्या बाळाची ठेवायची; ते पालथे पडत नाही म्हणून कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत. ही वजाबाकी दोन वर्षांचे होईपर्यंत करतात. लसींना मात्र ती लागू नाही. त्या सर्वसाधारणपणे जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. या दोन गोष्टींची गल्लत मी सुशिक्षित घरांतही पाहते. दुसरीकडे, ‘आधी जन्मला म्हणून मागे आहे’ या एका वाक्यावर सगळेच निभावून नेऊ नये, कारण मेंदूला इजा होण्याचा धोकाही याच बाळांना अधिक असतो आणि त्यांची तपासणी इतरांपेक्षा जास्त वेळा व्हावी लागते.

पालथे पडण्याच्या टप्प्यासंबंधी एक गोष्ट सांगायला हवी. झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू टाळण्यासाठी बाळाला नेहमी पाठीवरच झोपवावे, असा प्रचार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अनेक देशांत झाला. अमेरिकेत त्याची राष्ट्रीय मोहीम १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तेथील असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पाठीवर झोपणारी मुले पालथी पडायला आणि पोटावर सरकायला थोडी उशिरा लागतात, हेही त्याच सुमारास लक्षात आले. म्हणजे जुने आकडे ज्या मुलांवरून घेतले होते, ती झोपतच वेगळी होती. यावरून कोणी बाळाला पोटावर झोपवू लागेल तर ते घातक ठरेल. झोप पाठीवर, आणि जागेपणी, कोणीतरी समोर बसलेले असताना, दिवसभरात थोडे थोडे करून किमान अर्धा तास पोटावर, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. पहिल्यांदा बाळ रडते, नाक जमिनीवर घासते आणि घरातील कोणीतरी लगेच त्याला उचलून घेते. एक-दोन मिनिटांपासून सुरुवात करावी, आपणही जमिनीवर आडवे होऊन चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणावा. मान वर करायला त्याला त्याहून चांगले निमित्त दुसरे नसते. आईच्या किंवा बाबांच्या छातीवर पालथे ठेवले तरी चालते.

चाकांच्या वॉकरबद्दल मात्र मी अजिबात सौम्य लिहिणार नाही. त्यात बसवल्याने बाळ लवकर चालते हा समज निखालस चुकीचा आहे. उलट त्याला स्वतःची पावले दिसत नाहीत, तोल सावरण्याचा सराव होत नाही आणि चवड्यांवर ढकलण्याची सवय लागते. जिन्यावरून गडगडून डोक्याला होणाऱ्या इजांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी आणली. विकासाचे तक्ते आणि वॉकरच्या जाहिराती अनेकदा एकाच पानावर असतात, याकडे जाता जाता आपले लक्ष वेधते.

आता धोक्याच्या खुणा, ज्या दिसल्या की कोणत्याही महिन्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. बाळ तीन महिन्यांचे झाले तरी चेहऱ्याकडे नजर स्थिरावत नाही किंवा हलणाऱ्या वस्तूमागे डोळे फिरत नाहीत. बोललेल्या-हसलेल्याला उत्तर म्हणून हसू येत नाही, जे एरवी सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास येते. पाच महिन्यांनंतरही हात धरून उठवताना मान मागे लोंबते. चार महिन्यांनंतरही मुठी, विशेषतः अंगठा आत दाबून, सतत आवळलेल्या राहतात. अंग फार ताठ किंवा फार ढिले लागते. एका बाजूचे हातपाय कमी हलतात. डोळ्यांच्या बाहुलीत पांढरी चकाकी दिसते, मग ती केवळ फोटोत का दिसेना. आणि या सर्वांहून गंभीर म्हणजे आधी येत असलेली गोष्ट बाळ विसरले : हसायचे ते हसेनासे झाले, वस्तू धरायचे ते धरेनासे झाले. कौशल्य गळून पडणे हे कोणत्याच वयात ‘होते कधी कधी’ या सदरात बसत नाही.

अशा वेळी घरातून आणि दुर्दैवाने कधी कधी दवाखान्यातूनही ‘होईल हळूहळू’ हा सल्ला मिळतो. तो प्रेमाने दिलेला असतो, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत खराही ठरतो, म्हणूनच तो इतका टिकून आहे. परंतु पहिल्या वर्षात मेंदूचे आकारमान जवळपास दुप्पट होते आणि नव्या जोडण्या करण्याची त्याची क्षमता पुन्हा कधी इतकी नसते. मेंदूच्या पक्षाघाताचे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचे, निदान पूर्वी मूल दीड-दोन वर्षांचे झाल्याशिवाय करत नसत. आता मात्र ते लवकर करता येते. बाळांच्या मेंदूविकासाचे अभ्यासक हाइन्झ प्रेख्टल यांनी विकसित केलेल्या पद्धतीत प्रशिक्षित तज्ज्ञ पाठीवर पहुडलेल्या, जाग्या आणि शांत बाळाचे काही मिनिटांचे चित्रीकरण पाहतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून साधारण ९ ते २० आठवड्यांच्या काळात निरोगी बाळाच्या मानेत, मनगटांत, घोट्यांत जी बारीक, सतत चाललेली वळवळ असते, ती दिसते की नाही हे तपासतात. तिचा अभाव हा मोठा इशारा असतो. एमआरआय आणि इतर तपासण्यांची जोड दिल्यास धोक्यातील बऱ्याच बाळांचे निदान सहा महिन्यांच्या आत होऊ शकते आणि व्यायामोपचार तेव्हाच सुरू करता येतात. तपासणीअंती काही निघाले नाही, तर एक फेरी वाया गेली एवढेच.

तेव्हा आपल्या पुरवणीत यापुढे असा तक्ता प्रसिद्ध करताना प्रत्येक टप्प्यासमोर एका महिन्याऐवजी कालावधी द्यावा, मुदतपूर्व बाळांसाठी वय कसे मोजायचे ते त्याखाली स्पष्ट लिहावे आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा वेगळ्या चौकटीत, तक्त्याइतक्याच ठळक अक्षरांत छापाव्यात, अशी माझी विनंती आहे. जागा अपुरी असेल तर दात येण्याचे महिने खुशाल गाळावेत. पालकांसाठी आणखी एक सूचना त्या चौकटीत बसली तर बरे : शंका वाटली की दवाखान्यात येताना बाळाचे घरातले दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर घेऊन यावे, अंगावर कमीत कमी कपडे असताना, पोट भरलेले आणि मन प्रसन्न असताना. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसाच्या हातात बाळ बहुधा रडते किंवा झोपी जाते, आणि रडणाऱ्या बाळाच्या स्नायूंचा ताण आम्हाला नीट मोजता येत नाही.

आपली विश्वासू,
एक बालविकासतज्ज्ञ